काठवटीचे माप

मी एक जुनी काठवट आहे. जुनी म्हणजे टाकाऊ, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे सगळे वाचावे आणि मग मला तोंड दाखवावे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. पीठ मळायला आणि भाकरी थापायला पूर्वी घराघरांत लाकडाची मोठी, खोलगट थाळी असायची, ती मी. माझ्या काठाला एके ठिकाणी चीर गेली आहे आणि तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. दिसायला मी काही देखणी नाही. पण आज आमच्या कोरटवाडीत सकाळी मी ओसरीवर आल्याशिवाय कुणाच्या कामाला सुरुवात होत नाही. मला पाहिले की बाया पदर सावरतात. मला ते फार आवडते. खोटे कशाला बोलू?

माझा जन्म उदगीरचा. गुरुपादप्पा सुतारांनी बाभळीच्या एका जाड बुंध्यातून मला अखंड कोरून काढले. सांधा नाही की खिळा नाही. लक्ष्मम्माचे लग्न ठरले होते आणि तिच्या वडिलांना मला रुखवतात द्यायचे होते. गुरुपादप्पांनी विचारले, "सासरी खाणारी तोंडं किती?" लक्ष्मम्माच्या वडिलांनी हात जोडले. ते म्हणाले, "तोंडं कशाला मोजायची? घरच्यांची पोटं भरून एका वाटसरूची भाकर उरावी, एवढी मोठी कर." गुरुपादप्पांनी मान हलवली आणि तासणी पुन्हा उचलली. एवढे माप घेऊन मी जन्माला आले.

एसटीच्या टपावर बसून मी लक्ष्मम्माबरोबर सासरी आले. लोह्याच्या पलीकडे, नांदेड आणि लातूरच्या मधल्या माळावर हे कोरटवाडी गाव आहे. लक्ष्मम्माच्या बोलण्यात कानडी शब्द यायचे. नको म्हणायचे असले की ती "बेडा" म्हणायची आणि गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग एके दिवशी तिने कडक भाकरी केली आणि सगळ्यांचे हसू बंद झाले. कडक भाकरी म्हणजे ज्वारीचीच, पण पापडासारखी पातळ. पिठात उकळते पाणी घालायचे, तळहाताच्या टाचेने ते लोण्यासारखे होईपर्यंत मळायचे, माझ्यात थापायचे, तव्यावर भाजायचे आणि मग चुलीच्या निखाऱ्यापुढे उभे करून वाळवायचे. अशी भाकरी महिनाभर ठेवली तरी बिघडत नाही. परळीला पायी जाणारे लोक आमच्या दारावरून शिदोरी बांधून घेत. "लक्ष्मम्माची भाकर आन वैजनाथाचं दर्शन," असे म्हणत. मी मनात म्हणायचे, आणि काठवट कुणाची?

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असे म्हणतात. माझे चार दिवस स्टीलच्या परातीने हिसकावले. ती आली चकचकीत, हलकी, घासायला सोपी. लक्ष्मम्माचे मनगट दुखायला लागले होते आणि नवी सून अंबिका गॅसवर चपात्या करायची. मी आधी माळ्यावर गेले, मग कांद्यांखाली, मग सरळ गोठ्यात. म्हशीला माझ्यात पेंड कालवून देऊ लागले. म्हैस बिचारी चांगली होती. मला चाटून पुसून स्वच्छ ठेवायची. पण मित्रांनो, जिच्यात वाटसरूची भाकर मळली जायची तिच्यात शेपटीचे केस पडावेत, हे मला फार लागले. माझ्या काठाची चीर तिथलीच आहे.

मी गोठ्यात असतानाच गावाच्या माळावर सेंटर आले. जवानांना शिकवण्याचे ते केंद्र. पाटीवर त्याचे नाव लांबलचक आहे, पण गाव नुसते सेंटर म्हणते. आधी तारेचे कुंपण पडले, मग भिंत उभी राहिली, मग पहाटेचा बिगूल वाजू लागला आणि आमची म्हैस दूध चोरू लागली. गावाला वाटले, आता घरटी एक पर्मनंट नोकरी. पेढेसुद्धा वाटले गेले. पण वर्दीतले जवान साऱ्या देशातून निवडून येत होते. कोरटवाडीच्या वाट्याला त्यांच्याभोवतीची कामे आली. कुणी त्यांचे केस कापायचे, कुणी वर्दी अंगाबरोबर करून द्यायची, कुणी खोली भाड्याने द्यायची, कारण कसम परेडला, म्हणजे शिकून झाल्यावरच्या शपथेच्या संचलनाला, जवानांचे आईबाप लांबून येतात. बायांना मेसमध्ये भाजी निवडायला बोलावत. तेच काम गड्याने केले की हजेरी जास्त आणि बाईने केले की कमी.

बॅच असेपर्यंत गावात पैसा खेळायचा. बॅच गेली की नवी येईपर्यंत सगळे थंड. आमच्या शेजारची साखराबाई म्हणायची, "ह्ये सेंटर म्हंजी शेजाऱ्याचा बैल हाय. त्यानं दिला तर पेरणी, न्हाई दिला तर बसा बांधावर."

लक्ष्मम्माचा मुलगा संगमेश्वर याचे सेंटरच्या गेटसमोर छोटे दुकान होते. पॉलिश, नाड्या, नावाच्या पट्ट्या आणि जवानांच्या काळ्या पेट्यांना लागणारी कुलपे. बॅच नसली की दिवसभर माश्या मारायच्या. अशाच एका रिकाम्या मोसमात त्याच्या ओळखीच्या माणसाने हैदराबादेत वॉचमनची नोकरी बघून ठेवली. राहायला खोली मिळणार होती. संगमेश्वरने दुकानातले सर्वांत मोठे कुलूप घरी आणून खुंटीला अडकवले. तो म्हणाला, "येत्या बॅचचा निरोप झाला की जाऊ. घराला ह्येच कुलूप लावू." त्या दिवसापासून अंबिका त्या खुंटीकडे पाठ करून जेवू लागली.

आता माझे दिवस कसे पालटले ते ऐका. नवी बॅच आली होती; तिच्यातला राजस्थानकडचा एक जवान बाकीच्यांच्या आधीच शिकून बाहेर पडला होता आणि आसामला निघाला होता. पेटीचे कुलूप घ्यायला तो दुकानात आला, तेव्हा संगमेश्वर डबा खात होता. डब्यात लक्ष्मम्माने दुखऱ्या हातांनी, पोळपाटावर एकेक थापून हौसेने केलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. जवानाने एक तुकडा मागितला, मग अर्धी भाकरी खाल्ली, मग जाताना घरून मागवून चळतच बांधून नेली. तीन दिवसांनी गाडीतून त्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा संगमेश्वरने फोन अंबिकापुढे धरला. जवानाने फोनसमोर भाकरी कटकन मोडून दाखवली. "भाभीजी, देखो, अब भी कुरकुरी है!" मागे बसलेले चार जवान हात पुढे करत होते.

ही गोष्ट सेंटरभर झाली. मेसच्या साहेबांनी ठरवले की या बॅचच्या निरोपाला, लांबच्या गाडीने निघालेल्या प्रत्येक जवानाबरोबर कडक भाकरी द्यायची. पण सेंटर घराघरातून माल घेत नाही, ठेकेदारामार्फत घेते. त्यामुळे ठेकेदार आनंदराज टेंपो घेऊन आमच्या दारात आला. आनंदराज आमच्याच भागातला, शेतकऱ्याचा मुलगा. मनाने वाईट नव्हता, पण फायदा दिसला की त्याची मान आपोआप तिकडे वळायची. पीठ तो देणार, जळण तो देणार, बायांना भाकरीमागे मजुरी. अंबिकाने साखराबाईला घेतले, गल्लीतल्या आणखी बायांना घेतले आणि हो म्हटले.

कडक भाकरी स्टीलच्या परातीत थापायला गेले की परात सरकते आणि भाकरी जाड राहते. दोन दिवस अंबिका घामाघूम झाली. लक्ष्मम्मा बघत बसली होती. शेवटी ती मायेने म्हणाली, "माझी काठवट आण ग, यव्वा." अंबिका गोठ्यात आली. तिने माझ्यातली पेंड काढली, राखेने आणि गरम पाण्याने मला घासले, गोड तेलाचा हात फिरवला आणि चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकून घेतली. मग तिने माझ्यात पीठ ओतले. किती वर्षांनी माझ्या पोटात ज्वारीची ऊब आली! मी आनंदाने अशी गच्च बसले की जागची तसूभर हलले नाही. परात कोपऱ्यात उभी होती. मी तिच्याकडे पाहिले नाही असे म्हणणार नाही.

आमची गल्ली भाकरीच्या वासाने भरून गेली. ज्या घरांत जुन्या काठवटी होत्या त्या बाहेर आल्या. बाया थापत होत्या, संगमेश्वर दुकान बंद करून भाकरी भाजायला बसत होता आणि आनंदराजचा टेंपो चळती उचलून नेत होता. अंबिकाला वाटले, आता खुंटीवरचे कुलूप खाली उतरायची गरज नाही.

पण आमच्या लोकांची एक जुनी रीत आहे आणि ती इथे आडवी आली. आमच्याकडे भाकरी मोजत नाहीत. ताटात किती वाढल्या, टोपल्यात किती उरल्या, हे कुणी म्हणून बोलायचे नाही. मोजली की बरकत उठते. लक्ष्मम्मा तर या बाबतीत फार कडक. आणि याच बायांनी भाकरीमागे मजुरी ठरवून घेतली होती! आहे की नाही मजा? मजुरी मोजणीची आणि मोजणी करायची नाही. मग मोजायचे कुणी? आनंदराजने आणि तेही त्याच्या गोदामात नेऊन.

मजुरी हातात आली तेव्हा अंबिकाचा चेहरा पडला. मेसमध्ये भाजी निवडून मिळायचे त्याहूनही ती कमी होती.

"पीठ तेवढंच, हात तेवढेच. मग भाकरी एवढ्या कमी कशा भरल्या?" तिने विचारले.

"फुटक्या धरल्या न्हाईत ताई. मेसवाले फुटकी घेत न्हाईत," आनंदराज म्हणाला.

"सगळ्याच फुटल्या का?"

"मग तुम्हीच मोजून देत जावा की. मी कुठं न्हाई म्हणलो?" असे म्हणून तो हसला. त्याला आमची रीत पक्की ठाऊक होती.

दोन दिवसांनी साखराबाई नांदेडला बहिणीकडे जाऊन आली ती तणतणतच. "अगं अंबिका, आपल्या फुटक्या भाकरीचा चुरा पिशव्या भरभरून इकून राहिला की त्यो! माझ्या बहिणीनं आमटीत कालवून मला वाढला. मी वळखला ना, माझ्याच हातचा हाय!" दोन्हीकडून ढोल वाजवायचा तो असा.

संगमेश्वर खुंटीकडे बघून म्हणाला, "मी म्हणत न्हवतो? हितं कायबी उभं राहत न्हाई. हैदराबादला पगार ठरलेला हाय." तो रागाने बोलत नव्हता, हेच अंबिकाला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी अंबिका हट्टाने मोठमोठ्याने मोजत थापू लागली. एक थापली, दोन थापल्या, तीन थापल्या. तिचे बघून साखराबाईही मोजू लागली. दोघींचा आकडा एकमेकींत अडकला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली आणि तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला. एक नाही, पाठोपाठ चार. लक्ष्मम्मा काठी टेकत आली.

"बेडा! लेकरं आन भाकर मोजत न्हाईत. गेली न्हवं बरकत?"

अंबिकाने पिठाचे हात तसेच गुडघ्यांवर ठेवले. सासूला ती कानडी रीतीने अव्वा, म्हणजे आई, म्हणायची. "अव्वा, मला बी मोजायचं न्हाई. पण न मोजता मजुरी कशी मागू? घराला कुलूप लागून राहिलं, आन तुमी बरकतीचं सांगता?"

सुनेने असे तोंडावर बोललेले लक्ष्मम्माने कधी ऐकले नव्हते. पण ती रागावली नाही. ती माझ्याजवळ बसली, ओल्या फडक्याने माझा काठ पुसत राहिली आणि तिची बोटे पत्र्याच्या पट्टीवर पुन्हापुन्हा थांबत होती. तिला आपल्या वडिलांचे माप आठवत असावे. मला तरी आठवत होते.

सकाळी तिने मला उचलून दाराबाहेर नेले आणि पालथी घातली.

मित्रांनो, पालथी काठवट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवे. आमच्याकडे घरात कुणी गेले आणि चूल थंड राहिली, तरच काठवट पालथी घालतात. एरवी चुकूनसुद्धा नाही. तोंड जमिनीकडे झाले आणि माझ्यापुढे अंधार झाला. मला फार वाईट वाटले. माणसाला रडता येते. लाकडाने काय करावे?

"अव्वा, असं अशुभ कशाला?" संगमेश्वर घाबरून म्हणाला.

"अशुभ झालंय, म्हणूनच," लक्ष्मम्मा म्हणाली.

समोरच्या ओट्यावर धप्प असा आवाज झाला. साखराबाईने आपली काठवट पालथी घातली होती. मग पुढच्या दारात, मग त्याच्या पुढच्या. ज्यांच्याकडे काठवट नव्हती त्यांनी परातीच पालथ्या घातल्या. परात पालथी घातली की नुसता खणखणाट होतो, सुतकाची कळा काही येत नाही. पण त्यांची भावना चांगली होती.

आनंदराजचा टेंपो गल्लीत शिरला आणि तोंडाशीच थांबला. दारोदार पालथ्या काठवटी पाहून त्याने गाणे बंद केले, चपला काढल्या आणि अगदी हळू आवाजात विचारले, "अव्वा, कोण गेलं?"

"मजुरी गेली, बाबा," लक्ष्मम्मा म्हणाली. "तुझ्या गोदामात गेली. आमाला तोंडबी बघाया मिळालं न्हाई."

साखराबाईला हसू आवरेना. आनंदराजही आधी हसला, मग त्याच्या लक्षात आले की हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जवानांच्या गाड्यांची तिकिटे झालेली होती. निरोप तोंडावर आला होता.

"बरं, भाकर मोजू नका. पीठ माझ्या गोदामातल्या काट्यावर तोलू," तो म्हणाला.

"काटाबी तुझा, गोदामबी तुझं," लक्ष्मम्मा म्हणाली. "तुझ्या बापाच्या खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या मापाला काय म्हणत्यात?"

"लाभ," आनंदराज म्हणाला. हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असते. धान्य मोजताना कुणी एक म्हणत नाही. लाभ, मग दोन, मग तीन.

"आन त्यानं बरकत जाती का?"

"न्हाई."

"मग भाकर मोजू नको. काठवट मोज. हितं, ह्या ओसरीवर, समद्यांच्या डोळ्यांम्होरं. माझ्या काठवटीनं पीठ द्यायचं आन काठवटीमागं मजुरी द्यायची."

आता अंबिका पुढे आली. रात्रभर जे मनात साठले होते ते तिने एका दमात सांगितले. "आमच्या दारातून फुटकी भाकर भाईर पडनार न्हाई. टेंपोत फुटली तर ती टेंपोची. थापणारी बाई असू दे का भाजणारा गडी, मजुरी येकच. आन बॅच गेली म्हणून काम थांबवायचं न्हाई."

"बॅच नसताना ही भाकर कोण खाईल, ताई?"

"चुरा नांदेडात खपून राहिला, मग अख्खी भाकर का खपनार न्हाई? महिनाभर टिकती की ती."

आनंदराजने काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या. कबूल करणे त्याला जड जात होते. "मग मी दुसऱ्या गावात करून घेतो," असे म्हणून तो टेंपो वळवून निघून गेला.

ते दिवस फार वाईट गेले. मी पालथीच होते. वर ऊन तापत होते आणि खाली मला फक्त पावलांचे आवाज ऐकू येत होते. संगमेश्वरने खुंटीवरचे कुलूप काढले, त्यात तेल घातले आणि किल्ली फिरवून पाहिली. ती खट्ट वाजली ते मी ऐकले. अंबिका माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या पाठीवर हात ठेवून ती पुटपुटली, "चुकलं का ग माझं?" मला ओरडून सांगावेसे वाटले की नाही, बिलकूल नाही, धीर सोडू नकोस! पण मला उचलून उताणी करायला कुणीतरी लागतेच, आणि मला बोलता कुठे येते?

आनंदराज परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. दुसऱ्या गावच्या भाकऱ्या जाड झाल्या होत्या, नीट वाळल्या नव्हत्या आणि त्यांच्यावर बुरशी धरली होती. मेसच्या साहेबांनी त्या तिथल्या तिथे परत केल्या होत्या. घाईच्या कामाला कडक भाकरी दाद देत नाही. तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि लक्ष्मम्माकडे न बघता म्हणाला, "अव्वा, उताणी करा ती काठवट. तुमच्याच मापानं."

"समदं कबूल?" अंबिकाने विचारले.

"समदं कबूल. चुऱ्याचंबी. टेंपोत फुटली तर ती माझी, मजुरी तुमची पुरी."

लक्ष्मम्माने मला उचलले. माझ्यावर पाणी शिंपडले, काठाला विभूती लावली आणि मला ओसरीच्या मधोमध ठेवले. सगळी गल्ली जमली होती. आनंदराजने स्वतः पोते फोडले. पीठ माझ्या काठापर्यंत आले, लक्ष्मम्माने हाताने वरचे सारखे केले आणि तिच्या म्हाताऱ्या गळ्यातून असा खणखणीत आवाज निघाला की पलीकडच्या गल्लीत कुत्री भुंकली.

"लाभ!"

काय सांगू मित्रांनो, मी आयुष्यात अनेकदा भरले आणि अनेकदा रिकामी झाले, पण अशी कधी भरले नव्हते. बाया आपापल्या काठवटी घेऊन पुढे येत होत्या. दोन झाले, तीन झाले. प्रत्येकीला आपली मजुरी आपल्या डोळ्यांनी दिसत होती, आणि एकाही भाकरीची मोजणी झाली नाही. त्या दिवशी गल्लीतल्या चुली अशा पेटल्या की संध्याकाळी आनंदराजला टेंपोच्या दोन फेऱ्या कराव्या लागल्या. त्याने भाकऱ्यांखाली गवत अंथरले, वर गोणपाट टाकले आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला गाडी बैलगाडीसारखी हळू नेली. टेंपोत फुटली तर आता टेंपोची होती ना!

निरोपाच्या दिवशी जवान हारीने गेटबाहेर आले. प्रत्येकाच्या खांद्यावर काळी पेटी आणि हातात आमच्या भाकरीचे पुडके. मी तेव्हा ओसरीवर होते, पण अंबिकाने येऊन सगळे सांगितले. दुकानातली सारी कुलपे संपली होती आणि एक जवान शेवटी राहिला होता. संगमेश्वर धावत घरी आला, त्याने खुंटीवरचे मोठे कुलूप काढले आणि ते त्याच्या पेटीला लावून दिले. आमच्या घराला लागायचे ते कुलूप जम्मूकडे गेले. संगमेश्वरने हैदराबादला फोन करून सांगितले, "दुसरा माणूस बघा. हितं माझी हजेरी लागली." अंबिका हे सांगताना हसत होती आणि मग एकदम पदरात तोंड लपवून रडली. आता ती त्या खुंटीकडे तोंड करून जेवते. खुंटीला लक्ष्मम्माची जपमाळ असते.

आज नव्या बॅचची वाट बघत कोरटवाडी बसून राहत नाही. बॅच असली तर पुडकी सेंटरला जातात आणि नसली तर नांदेडला, लातूरला, कधी धर्माबादेहून तेलंगणातही जातात. न्हाव्याच्या दुकानातही आता अधल्यामधल्या दिवसांत गर्दी असते, कारण बायांच्या हातात पैसा आला की गल्लीतल्या पोरांची डोकी वेळेवर भादरली जातात. भाजणाऱ्या गड्यांना आणि थापणाऱ्या बायांना मजुरी सारखीच आहे. साखराबाईने आपल्या पहिल्या मोठ्या मजुरीतून स्वतःला मोबाईल घेतला आणि त्यात पहिला फोटो माझा काढला. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. उदगीरला गुरुपादप्पा सुतारांच्या नातवाने काठवटी करणे सोडून दिले होते. त्याला बोलावून अंबिकाने माझ्या मापाच्या नव्या काठवटी करून घेतल्या. त्याने माझ्यात दोरी टाकून माप घेतले तेव्हा माझी मान अशी ताठ झाली, की चीर पुन्हा उसवते की काय असे वाटले.

मित्रांनो, जाता जाता हात जोडून दोन गोष्टी मागते. तुमच्या घरात माळ्यावर, गोठ्यात माझी एखादी बहीण पडली असेल तर तिला बाहेर काढा. तिला पाण्यात भिजत ठेवू नका, उन्हात टाकू नका, महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा. आणि तुम्ही मोठे होऊन कुणाला कामाला लावलेत तर त्याच्या कामाचे माप त्याच्या डोळ्यांसमोर ठेवा. ते माप तुमच्या गोदामात नेऊ नका. दारात पालथी काठवट बघायची वेळ कुणावरही येऊ नये.

बाकी आमचे छान चालले आहे. रोज सकाळी आनंदराज टेंपो घेऊन येतो, पीठ मोजून देतो आणि मग उगाच रेंगाळत राहतो. लक्ष्मम्मा सगळे समजून असते. माझ्या पहिल्या मापातली पहिली भाकरी ती त्याच्यासाठीच बाजूला ठेवते, चटणी घालून. तो ओसरीच्या पायरीवर बसून ती खातो आणि बहुतेक वेळा दुसरीही मागतो. गुरुपादप्पांनी मला कोरले होते तेच मुळी वाटसरूची भाकर उरावी म्हणून. ती अजून उरते, आणि ती कुणी मोजत नाही.